साइट तेवीसला चार पाट्या

कॅम्पग्राउंडच्या साइट नंबर तेवीसवरचा माणूस नेमका कधी मेला, हे शशिकांत परचुऱ्यांना कळायलाच हवं होतं. माणूस मेला याचं दुःख होतंच, पण प्रश्न वेळेचा होता. शनिवार ते मंगळवार या चार दिवसांत परचुऱ्यांनी त्याला चार पाट्या दिल्या होत्या. प्रत्येक पाटीखाली उजव्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि सही होती. यातल्या कुठल्या पाट्या जिवंत माणसाला दिल्या आणि कुठल्या मेलेल्याला, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मंगळवारी दुपारी शेरिफच्या ऑफिसातून आलेल्या डेप्युटीनं ट्रेलरच्या दारावरच्या पाट्यांचे फोटो काढले आणि तो म्हणाला, "इतकं व्यवस्थित रेकॉर्ड आम्हाला कुठेच मिळत नाही, सर."

परचुरे "थँक यू" म्हणाले.

परचुरे मूळचे पुण्याचे, शनिवार पेठेतले. अमेरिकेतल्या कॅरी गावी एका औषध कंपनीच्या डेटा विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथे शिंक आली तरी तारीख घालून सही करायची पद्धत होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकलं, बत्तीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली आणि बायकोला म्हणाले, आता आपण मोकळे. मोकळं राहून दोन महिन्यांत त्यांना कंटाळा आला. मग नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या एका सरकारी कॅम्पग्राउंडवर त्यांनी स्वयंसेवक होस्टची जागा धरली. वीज, पाणी, मैल्याचं कनेक्शन असलेली एक साइट फुकट. बदल्यात येणाऱ्यांचं स्वागत करायचं, शेकोट्यांतली राख काढायची, बाथरूममध्ये कागद भरायचा, रात्री दहाला शांतता आणि सकाळी अकराला चेक-आउट होतंय ना ते बघायचं. वर एक तपकिरी जाकीट, एक वॉकीटॉकी, एक गोल्फ कार्ट आणि चौऱ्याऐंशी पानांचं मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये परचुऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात अकरा चुका काढल्या आणि रेंजर डार्लीनला यादी करून दिली. डार्लीन "वॉव" म्हणाली. एकटीकडे तीन पार्क असलेली बाई याहून जास्त काही म्हणू शकत नाही.

लोकांशी बोलणं हे काम मात्र परचुऱ्यांना जमेना. एखाद्याला "तुमचा कुत्रा बांधा" म्हणावं तर तो कुत्र्याची सगळी जन्मकथा सांगायचा. म्हणून परचुऱ्यांनी आरव्हीच्या कपाटातून लॅमिनेट करायचं मशीन काढलं.

पहिली पाटी शेकोटीपाशी लागली : "शेकोटीत बिअरचे कॅन जळत नाहीत. हा प्रयोग आपल्याआधी अनेकांनी केलेला आहे." मग कुत्र्यांची : "कुत्र्यामागे साफ करावे. कुत्रा करणार नाही." मग कचऱ्याच्या लोखंडी पेटीवर : "अस्वलाला खाऊ घालू नये. त्याचा आपल्याविषयी गैरसमज होतो." सगळं इंग्रजीत, पण इंग्रजी फक्त वरून. लोक पाट्यांशेजारी उभे राहून फोटो काढायला लागले. एक पाटी चोरीला गेली. परचुऱ्यांनी तिथे पाटीचोरीचा निषेध करणारी पाटी लावली. तीही चोरीला गेली. असा मान त्यांना कॅरीत एकतीस वर्षांत मिळाला नव्हता.

"बाबा, यू कॅन जस्ट टॉक टू देम," त्यांची मुलगी रेणू फोनवर म्हणाली.

"बोललं की माणूस उलट बोलतो. पाटी बोलते तेव्हा ऐकून घ्यावं लागतं," परचुरे म्हणाले.

त्यांच्या बायकोला, नीलांबरीला, हे मुळीच पटलेलं नव्हतं. ती नागपूरची. तिच्या माहेरी दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा खाल्ल्याशिवाय सोडत नसत. मार्चमध्ये तिचा गुडघा बदलला होता, आणि साइटींपर्यंतचा उतार तिला काठीनं जमत नव्हता. म्हणून ती आरव्हीसमोर खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून पोहे द्यायची.

तिच्या पोह्यांचा आणि परचुऱ्यांच्या पाट्यांचा, दोन्हींचा भक्त असा एकच माणूस तिथे आला. तो हा तेवीसवाला, हॉइट.

हॉइट ओहायोचा. शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त, वय पंचाहत्तरच्या आसपास, बायको नाही. छोटासा जुना ट्रेलर घेऊन चौदा रात्रींसाठी आला. चौदाच्या वर कुणालाच राहता येत नाही, असा नियम. पहिल्याच दिवशी त्यानं बिअर कॅनची पाटी मोठ्यानं वाचली आणि खोकला येईपर्यंत हसला. "हे तुम्ही लिहिता?" त्यानं विचारलं. परचुऱ्यांनी मान खाली घातली. त्यानंतर हॉइट रोज सकाळी फेरी मारून नवीन पाटी लागली का बघायचा. लागली असली की वाचायचा, टोपी काढायचा, मग नीलांबरीच्या खुर्चीपाशी येऊन पोहे खायचा. तर्री घातलेले. डोळ्यांतून पाणी यायचं, पण परत मागायचा.

"माणूस भला आहे बाप्पा," नीलांबरी म्हणायची.

"रसिक आहे," परचुरे म्हणायचे.

आणि मग त्या शुक्रवारी संध्याकाळी तेवीसवरून रेडिओ सुरू झाला. सुरू झाला म्हणजे फुल आवाजात. कुठल्यातरी गावचं स्टेशन, गुरांचे बाजारभाव आणि मधूनमधून प्रवचन. शुक्रवार म्हणजे नवीन लोक यायचा दिवस, परचुरे गोल्फ कार्टमधून नुसते पळत होते. बावीसवरचं कुटुंब तक्रार घेऊन आलं. परचुऱ्यांनी त्यांना नऊवर हलवलं. तेवीस म्हणजे ओढ्याकाठचा शेवटचा कोपरा. बावीस रिकामी झाल्यावर आसपास कुणी उरलं नाही. गुरांचे भाव रात्रभर चालू राहिले.

"जाऊन बघा नं काय झालं ते," शनिवारी सकाळी नीलांबरी म्हणाली. "असा नाही तो. थांबा, पोहे देते, ते घेऊन जा."

"होस्टनं पाहुण्याच्या साइटवर उगीच जाऊ नये. मॅन्युअल, पान एकोणतीस."

"मग काय करून राहिले तुम्ही?"

परचुरे लॅमिनेट करून राहिले होते. "रेडिओ आपला आहे. कान इतरांचेही आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी." शनिवार, सकाळी सात चाळीस, सही. आभाळ भरून आलं होतं, पावसात टेप टिकला नसता, म्हणून दाराला न चिकटवता त्यांनी ती दाराखालच्या फटीतून अर्धी आत सरकवली. दार वाजवलं नाही. ज्याला पाटी देता येते त्यानं दार कशाला वाजवायचं. शिवाय रेडिओच्या आवाजात ऐकूही आलं नसतं, हे त्यांनी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं.

रविवारी पहाटेच नीलांबरीची कॅरीची मैत्रीण सुलेखा गाडी घेऊन आली आणि तिला नातीच्या बारशाला घेऊन गेली. ती मंगळवारी येणार होती. त्याच रविवारी अकराला हॉइटचं चेक-आउट होतं. अकरा वाजून पाच मिनिटांनी परचुरे तेवीसवर गेले. गाडी जागेवर. पडदे ओढलेले. छतावरचा पंखा फिरतोय. रेडिओवर प्रवचन, जरा दमलेल्या आवाजात. आणि दाराखालच्या फटीतून त्यांची पाटी बाहेर आलेली होती. उलटी. कोरी बाजू वर.

साभार परत.

परचुऱ्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. नियम मोडणारे त्यांनी खूप पाहिले होते, पण पाटी परत करणारा कुणी भेटला नव्हता. आणि तो हा, टोपी काढणारा! त्यांनी पाटी उचलली. पाठीमागे निळसर काहीतरी फासलेलं होतं, मळ असावा. चष्मा कपाळावर होता. त्यांनी ते जाकिटाला पुसलं. प्लास्टिकचं हेच बरं असतं, पुसलं की नवं.

पाटी वाया घालवायची त्यांना सवय नव्हती. मजकूर काही एकट्या हॉइटला लागू नव्हता. परत जाताना त्यांनी ती पुरुषांच्या बाथरूममध्ये, हात वाळवायच्या यंत्राशेजारी, चारही कोपऱ्यांना टेप लावून भिंतीवर चिकटवली. मग दुसरी पाटी केली आणि पुन्हा तेवीसवर जाऊन यावेळी दारावरच लावली, डोळ्यांच्या उंचीवर : "चेक-आउटची वेळ सकाळी अकरा. आता अकरा वाजून गेले आहेत. घड्याळ नसल्यास होस्टकडे विचारावे."

चारच्या सुमाराला रेडिओ बंद झाला. परचुऱ्यांनी नीलांबरीला मुद्दाम फोन केला.

"लागू पडली," ते म्हणाले.

"कोण?"

"पाटी."

डार्लीनला वॉकीटॉकीवर सांगितलं, तेवीसवाला हलत नाहीये. ती दुसऱ्या पार्कमध्ये एका अस्वलाच्या मागे होती. "नोट लावून ठेव, हनी," ती म्हणाली. "पुढचं बुकिंग शुक्रवारचं आहे. मी बुधवारी येते." म्हणजे आता सरकारी आदेशच.

सोमवार, सकाळी साडेनऊ : "आपण अजून इथेच आहात, याची नोंद घेतली आहे. आपणही घ्यावी."

मंगळवार, सकाळी नऊ : "या कॅम्पग्राउंडवर कायमचा मुक्काम करता येत नाही."

ही चौथी त्यांना स्वतःला फार आवडली होती. लावल्यावर दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ती पुन्हा वाचली होती. ती दोन पावलं त्यांना आता रोज आठवत होती.

मंगळवारी दुपारी नीलांबरी परत आली. पर्स ठेवायच्या आत तिनं विचारलं, "हॉइट गेला का? जाताना पोहे दिले का त्याला?"

"गेलेला नाही. बोलत नाही. चार पाट्या झाल्या."

"चार दिवस माणूस दिसला नाही आणि तुम्ही पाट्या लावून राहिले?"

ती काठी घेऊन निघाली. हातात बारशाचा लाडू, कागदात गुंडाळलेला. परचुरे कार्ट काढेपर्यंत ती उतार अर्धा उतरली होती. तिनं काठीच्या मुठीनं दार वाजवलं. मग कडी फिरवली. दार उघडलं. दाराला कुलूप नव्हतं, कधीच नव्हतं. उघडल्याबरोबर जे बाहेर आलं त्यानं तिला दोन पायऱ्या मागे ढकललं. ती पडली नाही. दार तिनं हळूच लोटून घेतलं, कुणी झोपलेलं असलं की लोटतात तसं, आणि लाडू पायरीवर ठेवला.

पुढचे तीन दिवस दोघं एकमेकांशी नीटच बोलत होते, आणि तेच वाईट होतं. नीलांबरीनं एकदाच विचारलं, भांडी घासता घासता.

"तुम्ही रोज जात होते नं तिथं?"

"हो."

"चार खेपा."

"पाच," परचुरे म्हणाले. "रविवारी दोनदा गेलो."

आयुष्यभराची सवय. आकडा चुकलेला त्यांना सहन होत नसे.

शुक्रवारी सकाळी हॉइटची मुलगी ओहायोहून आली. वेंडी तिचं नाव, पन्नाशीची, वडिलांसारखीच लांब हातांची. डेप्युटीनं तिला किल्ल्या दिल्या. ट्रेलर एव्हाना धुऊन, वारं देऊन झाला होता. तिनं परचुऱ्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही रोज येऊन बघून जात होतात, असं कळलं. रिपोर्टमध्ये तारीखवार आहे. डॅड मला फोनवर तुमच्याबद्दल सांगायचे. पाट्या वाचून दाखवायचे. थँक यू."

परचुऱ्यांनी मान खाली घातली. वेंडीला वाटलं, भल्या माणसाला भरून आलंय. ती खोकी भरायला आत गेली.

डेप्युटी कागद आवरत होता. परचुऱ्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि अखेर विचारलं, "कधी?"

"डॉक्टर म्हणतात, झटका शुक्रवारी संध्याकाळी आला असणार. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दाराजवळच पडले. मृत्यू मात्र रविवारी रात्री, नाहीतर सोमवारी पहाटे."

परचुऱ्यांनी हिशेब केला. म्हणजे पहिल्या दोन पाट्या जिवंत माणसाला. रविवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी ते पायरीवर उभे होते तेव्हा तो आत होता. दाराच्या जाडीइतका लांब.

"त्यांना फोन करता आला नाही?" त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच दुसऱ्या कुणाचातरी वाटला.

"खाली या ओढ्याकाठी सिग्नल कुठे आहे, सर. फोन लावायला वर तुमच्या आरव्हीपर्यंत चढून जावं लागतं. रेडिओ तेवढा हाताशी होता. बॅटरीचा. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. आम्हाला वाटतं, कुणीतरी तक्रार करायला येईल म्हणून केला असेल."

तक्रार करायला परचुरे आलेच होते.

"एकच कळलं नाही," डेप्युटी फाइल मिटत म्हणाला. "डाव्या हातात बॉलपेन होतं. काहीतरी लिहीत असणार. पण आम्ही सगळा ट्रेलर उलटापालटा केला, कागदाचा एक चिटोरा सापडला नाही. मुलगी दोनदा विचारत होती, डॅडनी काही लिहून ठेवलंय का. काय सांगणार?"

डेप्युटीची गाडी वळेपर्यंत परचुरे जागेवरून हलले नाहीत. मग ते गोल्फ कार्ट तिथेच सोडून, चालत, पुरुषांच्या बाथरूमकडे निघाले. अर्ध्या वाटेत चालणं संपलं आणि ते धावायला लागले. अडुसष्टाव्या वर्षी, तपकिरी जाकिटात.

बाथरूममध्ये एक तरुण दात घासत होता. "भारी आहे हे," तो पाटीकडे ब्रश दाखवत तोंडातल्या फेसातून म्हणाला. परचुऱ्यांनी त्याच्यासमोर पाटी नखांनी भिंतीवरून उचकटली. एक कोपरा फाटला. बाहेर उन्हात येऊन त्यांनी ती उलटी केली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि प्लास्टिक तिरकं धरलं.

लॅमिनेशनवर बॉलपेनची शाई धरत नाही. ती पुसली जाते. पण दाबून लिहिलं की चरे उरतात. डाव्या हाताचे, लहान मुलासारखे, वर चढणारे, खाली घसरणारे मोठ्या इंग्रजी अक्षरांचे चरे. परचुऱ्यांना ते लावायला वेळ लागला नाही.

"रेडिओबद्दल सॉरी. पडलोय. दार उघडं आहे. प्लीज आत या."

सॉरी आधी होतं.

बाथरूमच्या कोपऱ्यावर कचऱ्याची लोखंडी पेटी होती. तिचं झाकण असं असतं, की खाली हात घालून खटका दाबावा लागतो, आणि आत गेलेली वस्तू अस्वलालाच काय, माणसालाही परत काढता येत नाही. परचुऱ्यांचा हात खटक्यापर्यंत गेला. समोर त्यांचीच पाटी होती, अस्वलाच्या गैरसमजाची. कुणाला काही ठाऊक नव्हतं. रेकॉर्डमध्ये तीन पाट्या होत्या. पहिली कुणी मागितलेली नव्हती. वेंडी संध्याकाळपर्यंत ट्रेलर ओढून ओहायोला निघून गेली असती, आणि रोज येऊन बघून जाणारा एक भला होस्ट तिच्याबरोबर गेला असता.

"काय आहे हातात?"

नीलांबरी काठी टेकत आली होती. धावताना तिनं त्यांना पाहिलं असणार. पस्तीस वर्षांच्या संसारात नवरा धावलेला तिनं दोनदाच पाहिला होता, आणि एकदा विमान चुकत होतं.

परचुऱ्यांनी पाटी तिच्या हातात दिली आणि कशी तिरकी धरायची ते दाखवलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पाटीच्या दुसऱ्या बाजूचंही वाचलं. तारीख, वेळ, सही.

"मी पुसलं ते," परचुरे म्हणाले. "मळ वाटला. जाकिटाला पुसलं."

जाकिटावर खिशाच्या वर निळा डाग अजून होता. नीलांबरीनं त्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. ती चिडेल, रडेल, नागपुरी सुरू करेल, असं परचुऱ्यांना वाटलं. त्यांना ते हवंही होतं. तिनं फक्त पाटी परत दिली.

"जा," ती म्हणाली. "आणि वाजवून जा."

तेवीसपर्यंतचा उतार परचुरे हळू उतरले. ट्रेलरच्या दारावर तीन पाट्या तशाच होत्या. कुणाला काढाव्याशा वाटल्या नव्हत्या. पायरीवर मुंग्यांनी लाडू जवळपास संपवला होता. आतून खोक्यांना टेप लावल्याचा आवाज येत होता. परचुरे उभे राहिले. काय बोलायचं याचा मसुदा त्यांनी उतारभर केला होता, तीनदा सुधारला होता, आणि आता त्यातलं एक वाक्य त्यांना आठवेना. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाटीच्या मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोटांनी दोनदा वाजवलं.

"दार उघडंच आहे," वेंडी म्हणाली. "या ना आत."

परचुरे आत गेले. टेबलावर अर्धं भरलेलं खोकं होतं, शेजारी टोपी. त्यांनी पाटी टेबलावर ठेवली. सवयीनं सुलटी ठेवली गेली. वेंडी ती वाचून हसायला लागली, तिच्या वडिलांसारखंच, खोकला येईल असं.

मग परचुऱ्यांनी ती उलटी केली.